सुपातल्या गोळ्या

सुकलू नरोटेने वाटे घातले की कोसमटोल्यात भांडण होत नसे. पंडुमाच्या सणाचा बकरा असो, नाल्यातली मासोळी असो, नाहीतर वनखात्यासमोर ज्याचं नाव घेत नाहीत ते जनावर असो, माहुलाच्या पानांवर सुकलूचे ढीग असे पडत की तागडी आणून कुणी तपासावं आणि तागडीनेच लाजावं. काळीज मूठभर असलं तरी त्याचा एकेक तुकडा प्रत्येक ढिगात सापडे. मग गावाने आपापला ढीग उचलायचा आणि उरेल तो सुकलूचा. वाटे घालणाऱ्याने शेवटचा उचलायचा, हा टोल्याचा कायदा होता. या एका कायद्यामुळे कोसमटोल्याला कधी कोर्टाची गरज पडली नव्हती. कोर्टालाही कोसमटोल्याची पडली नव्हती.

या कामाचा सुकलूला गर्व होता. दुसरा गर्व रंजीताचा. ती त्याची मुलगी, सोळा वर्षांची, टोल्यातली पहिली दहावी पास. आणि तिला सिकल होता.

सिकलमध्ये रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकून बसतात, आणि हाडं आतून कुणीतरी कुटून काढावीत तसं माणूस किंचाळतं. सुकलू आणि त्याची बायको सोनीबाई, दोघांच्या अंगात हा आजार अर्धा-अर्धा होता. अर्ध्याने कुणाला काही होत नाही. पण दोघांचेही अर्धे थोरल्या मुलाकडे गेले आणि तो आठव्या वर्षी मेला. मग तेच दोन्ही अर्धे रंजीताकडे आले. सुकलूच्या हातून झालेली ही एवढीच वाटणी वाकडी पडली, आणि ती त्याला विचारून झाली नव्हती.

रंजीता जगली पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं. पेनाला, म्हणजे आपल्या देवाला, कोंबडं देताना तो दुसरं काही मागतच नसे; पाऊस मागायला बाकीचं गाव होतं.

अशात नागपूरच्या एका संस्थेची जीप टोल्यावर आली. जीपमधून डॉ. स्वाती मुळावकर उतरल्या आणि त्यांच्यामागे दिनेश बावणे उतरला. मॅडम सिकलवर निघालेल्या नव्या गोळीचा अभ्यास करत होत्या. दिनेश चामोर्शीकडचा, बीएस्सी झालेला. मॅडम जे शुद्ध बोलत ते तो लोकांना कळेल असं करून सांगे. सभा गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, भरली. मॅडमनी चांगला अर्धा तास समजावलं. दिनेशने ते दोन वाक्यांत उरकलं.

"निम्म्याइले खरं औषध भेटन. निम्म्याइले तशीच दिसनारी गोळी, पन तिच्यात औषध नाई."

पत्रू हा गावाचा भूमिया, म्हणजे देवाधर्माचा आणि तंट्याबखेड्याचा प्रमुख. त्याने विडी विझवली. "म्हंजे निम्म्याइले मटन अन् निम्म्याइले गोटे?"

"गोटे नाई जी भूमिया. खडू म्हना."

"काऊन पन?"

"औषधानं फरक पडला का आपोआप पडला, हे कळाले पायजे ना."

"बरं. कोनाले खडू भेटला हे कोनाले माईत?"

"कोनालेच नाई. तुमाले नाई, मले नाई, मॅडमले पन नाई. कॉम्प्युटरले माईत."

"थो कुठी रायते?"

"हैदराबादले."

"थ्याले सिकल हाये?"

"नाई."

"मंग त्याचं बरं हाये."

लोक हसले. मॅडमही हसल्या, लोक खूश आहेत असं त्यांना वाटलं. मागे बायकांत बसलेली सोमारी मात्र हसली नाही. तिचा नऊ वर्षांचा श्रावण सिकलवाला होता आणि नवरा तेलंगणात मिरची तोडायला जाऊन तिकडचाच झाला होता. ती म्हणाली, "अन् मॅडम कोनता डब्बा उचलन? आमच्या इथी जो वाटे घालते थो शेवटचा उचलते."

दिनेशने हे भाषांतर करून सांगितलं. "फार सुंदर प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. ज्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसे ते मॅडमना सुंदर वाटत.

सिकलवाल्यांच्या घरचे सगळे तयार झाले. औषधासाठी नाही, जीपसाठी. दर महिन्याला जीप येणार, रक्त तपासायला मुलचेऱ्याला नेणार, मध्येच कुणाला दुखलं तर फोन केल्यावरही येणार. तोवर टोल्यातला आजारी माणूस खाटेवर घालून नाल्यापार न्यावा लागे आणि पुष्कळदा वाटेतच सगळं संपे आणि खाट भरलेलीच परत येई. जीपसाठी कोसमटोल्याने खडूसुद्धा खाल्ला असता. निम्म्यांनी तो खाल्लाच.

डबे वाटले गेले. पांढरे, प्लास्टिकचे, वर नंबर आणि आत पांढऱ्या गोळ्या.

त्या पावसाळ्यात रंजीताला एकदाही दुखलं नाही. एरवी रोवणीच्या चिखलात पाय घातला की तिची हाडं कुरकुरायला लागत. या वर्षी ती बांधावर उभी राहून गाणी म्हणत होती. तिकडे श्रावण दोनदा असा आडवा झाला की त्याचं ओरडणं ऐकून टोल्यातली कुत्रीसुद्धा गप्प बसली. शास्त्राला जो निकाल लावायला दोन वर्षं हवी होती, तो कोसमटोल्याने एका पावसाळ्यात लावून टाकला. रंजीताचा डबा खरा, श्रावणचा खडूचा.

बोअरिंगवर सोमारीने सोनीबाईला गाठलं. "तुमच्या पोरीचे गाल कसे टमाटरावानी झाले वो बाई. आमचा पोट्टा खडू खाऊन खाऊन पांढरा पडून राह्यला."

"मी का डब्बा देल्ला? कॉम्प्युटरनं देल्ला."

"तुमच्या सोयऱ्यातला असन."

सोनीबाईने हंडा अर्धाच भरला आणि उचलून चालू लागली.

दसऱ्यानंतर पत्रूने गोटुलात माणसं जमवली. फार बोलायला लागलंच नाही. "गावात बकरा कापला तं एकाच घरी शिजते का?" त्याने विचारलं. "सगळे डब्बे सुपात वता. खरं-खोटं एक करा. बराबर वाटे घाला. थोडं-थोडं तं थोडं-थोडं, पन सगळ्याइच्या पोटात जाईन."

"अन् दिनेशभाऊ?" कुणीतरी विचारलं.

"त्याले सांगू नोका. त्याले टेन्शन येते. त्याले खाली डब्बे पायजेत, खाली डब्बे देऊ."

मग सगळ्यांनी सुकलूकडे पाहिलं. ज्याची मुलगी खरा डबा खात होती तोच माणूस गावाचे वाटे घालत होता, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.  सुकलूच्या तोंडातून तेच निघालं जे पस्तीस वर्षं निघत आलं होतं.

"बराबर हाये," तो म्हणाला.

घरी सोनीबाईने त्याच्यापुढे आंबिलीचा गडवा ठेवला आणि उभीच राहिली. "थोरला गेला," ती म्हणाली, "तवा गावानं त्याचं मरन वाटून घेतलं का जी?"

सुकलूने गडवा तोंडाला लावला.

"मले सांगा ना. कोनी म्हनलं का, दे सुकलू, आमच्या पोराइले थोडं-थोडं दे?"

"हळू बोल."

"पोरगी मेली तं मंग जोरानं बोलू का?"

सुकलूने आंबील संपवली नाही. आयुष्यभर त्याचा हात सरळ पडला होता, कारण तो वाकडा करावा असं दुसऱ्याच्या ढिगात कधी काही नव्हतंच. मटणाचा तुकडा लहान-मोठा झाला तर कुणी मरत नाही. इमान किती स्वस्तात पडत होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जीप येऊन गेली की दुसऱ्या दिवशी गोटुलात सूप मांडलं जाई. एकेक जण आपला डबा त्यात रिकामा करी, सुकलू हात घालून कालवी, पानांवर ढीग पाडी. पहिल्याच खेपेला त्याने रंजीताचा डबा सगळ्यांच्या शेवटी ओतला, सुपाच्या काठाला, आपल्या मांडीकडच्या बाजूला. बाकीच्या गोळ्या त्याने चांगल्या कालवल्या. काठाच्या तेवढ्या कालवल्यासारख्या केल्या. त्यातल्या चार-दोन गावाच्या गोळ्यांत घरंगळल्या त्या घरंगळू दिल्या. गावाच्या मात्र काठाला येऊ दिल्या नाहीत. आणि काठाचा ढीग त्याने पानावर जरासा पातळ मांडला.

लोक कोणता ढीग उचलतात हे सुकलूइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक पातळ ढीग मागे ठेवतात. आणि मागे राहिलेला ढीग वाटे घालणाऱ्याचा.

"पाहा रे," पत्रू पोरांना म्हणाला, "सोताच्या पोरीचा डब्बा गावाले देल्ला, अन् वरून कमी हिस्सा सोताले ठेवला. याले म्हनते मानूस."

सुकलूने मान खाली घातली. गावाला तो विनय वाटला.

दोन महिन्यांत फरक दिसू लागला. पत्रूच्या सिकलवाल्या सुनेचे डोळे पिवळे दिसत, ते निवळले. श्रावण शाळेत जाऊ लागला. नुसता जाऊ लागला नाही, शाळेतून पळूनही येऊ लागला, आणि मास्तरने तक्रार केली तेव्हा सोमारी आनंदाने रडली. सगळ्यांच्या अंगात थोडं-थोडं औषध गेलं होतं आणि थोड्या-थोड्यानेही काम होत होतं. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना या गोष्टीचा अजून पत्ता नव्हता.

रंजीताला पौषात दुखलं.

आधी गुडघे, मग कंबर. ती चादर तोंडात कोंबून पडून राही, कारण शेजारी ओरडणं जाऊ नये असं तिला वाटे. दहावी झाल्यापासून तिला लाज वाटायला लागली होती. सुकलू कुडाबाहेर बसून कारणं शोधी. थंडीत नाल्यावर कपडे धुवायला गेली म्हणून. पेनाला कबूल केलेलं कोंबडं राहून गेलं म्हणून. गोळ्या सोडून त्याने सगळ्यांना जबाबदार धरलं.

"हिस्सा पातळ पडून राह्यला," सोनीबाई म्हणाली. "भरून घाला."

मग त्याने युक्ती बदलली. रंजीताचा ढीग भरगच्च घालायचा, पण तिच्याच डब्यातल्या, ओतताना फुटलेल्या, तुकडे झालेल्या गोळ्या वर मांडायच्या. फुटकं कुणी उचलत नाही. आता रंजीताला तिचा अख्खा डबा मिळू लागला. सोनीबाई सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने गोळी तिच्या तोंडात घाली आणि गिळेपर्यंत पाहत बसे.

माघात रंजीताला दोनदा मुलचेऱ्याला न्यावं लागलं. दिनेश जीप घेऊन आला, सलाईन लागलं, रक्त काढलं, ती परत आली. "मॅडमले सांगतो," दिनेश म्हणाला. मॅडमना त्याने सांगितलंही. मॅडमनी त्याची नोंद घेतली. त्या खूप काळजीपूर्वक नोंद घेत.

त्याच सुमारास मॅडम स्वतः टोल्यावर आल्या आणि त्यांनी गोटुलात एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाकीच्या गावांत लोक गोळ्या चुकवतात, कोंबड्यांना घालतात, डब्यात मीठ ठेवतात. कोसमटोल्याचे डबे दर महिन्याला चाटूनपुसून रिकामे. "शिस्त शिकावी तर तुमच्याकडून," मॅडम म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पत्रूने घड्याळ कानाला लावून पाहिलं. रंजीता त्या वेळी घरात पडून होती आणि टाळ्या कशाच्या म्हणून विचारत होती.

गाव सुकलूकडे आता वेगळ्याच नजरेने पाहू लागलं होतं. आमची पोरं उठून बसली, त्याची आडवी झाली. आमच्यासाठी झाली. बायका सोनीबाईचा हंडा आधी भरू देत. पत्रू त्याला आपल्या शेजारी बसवून घेई. सुकलूला त्यांच्यात बसवत नसे, आणि उठून जाताही येत नसे.

एका दुपारी सोमारी दारात आली. हातात पानाची पुडी होती.

"दादा, हे घ्या."

"काय हाये?"

"श्रावणचा हिस्सा. या महिन्याचा सगळा." ती खाली मातीत बसली. "मी बोअरिंगवर बोलली होती बाईले. तोंड जळो माझं. श्रावण आता धावून राह्यला जी. रंजीताले द्या. एक महिना तिले दुप्पट खाऊ द्या."

सोनीबाई चुलीपाशी थांबली आणि नवऱ्याकडे पाहू लागली.

सुकलूने पुडीकडे पाहिलं. त्याच्या हिशेबाने त्या पुडीत सुपाचा उरलेला गाळ होता, खरं औषध काढून घेतल्यावर मागे राहिलेला खडू. ही बाई मला खडू आणून देते, आणि पुण्यही घेऊन जाते, असं त्याच्या मनात आलं. मनात जे आलं त्याची त्याला लाजही वाटली. लाज झाकायला माणूस मोठं बोलतो, तसा तो बोलला.

"घेऊन जा बाई. गावाचा हिस्सा गावाच्या पोटात जाऊ दे. माझ्या पोरीले तिचा पुरते."

"दादा, हट्ट नोका करू."

"ने म्हनलं ना!"

सोमारीने वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि पुडी घेऊन गेली. ती दुसऱ्या दिवशी कोंबडी ठेवून गेली. कोंबडी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

फाल्गुनात मोहफुलं गळू लागली. गाव पहाटेपासून झाडाखाली आणि घराघरांत तो गोड, जड वास. रंजीताच्या छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. जीप आली. मुलचेऱ्यात डॉक्टर म्हणाले, गडचिरोलीला न्या. नेताना वाटेत ती एकदा म्हणाली, "बाबा, खिडकी उघडा." खिडकी उघडीच होती.

तिला टोल्याच्या मसणवटीत पुरलं. ज्या पोरांना तिच्या वाट्याचं औषध मिळालं असं गाव समजत होतं, ती सगळी पोरं ओळीने आली आणि मूठ-मूठ माती टाकून गेली. श्रावणने दोन मुठी टाकल्या. त्याच्या आईने तसं सांगितलं होतं.

नवं औषध घेणारं माणूस मेलं की कॉम्प्युटरला तोंड उघडावं लागतं. औषधाने मेलं की आजाराने, हे आधी पाहावं लागतं. मॅडमचे ते चार दिवस फार वाईट गेले, त्यांना जेवण जाईना. मग हैदराबादहून उत्तर आलं आणि मॅडम सावरल्या. त्या स्वतःच टोल्यावर यायला निघाल्या. असली बातमी फोनवर सांगणं त्यांना माणुसकीला धरून वाटलं नाही.

गोटुलात सगळे जमले. सुकलू पत्रूच्या शेजारी बसला. सोनीबाई सुतकाचे दिवस सरले नव्हते म्हणून घरातच होती.

"रंजीता खूप गोड मुलगी होती," मॅडम म्हणाल्या. "मला तुम्हाला एक सांगायचंय, म्हणजे तुमच्या मनात शंका राहायला नको. ती आपल्या औषधानं गेलेली नाही. तिला औषध मिळतच नव्हतं. तिचा डबा सुरुवातीपासून दुसऱ्या प्रकारचा होता."

दिनेशने खाली पाहत सांगितलं, "तिचा खडूचा होता."

सुकलूला आधी ते शब्द ऐकूच आले नाहीत. आले तेव्हा त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीबद्दल चाललंय.

"मंग पयल्या पावसाळ्यात कशी बरी राह्यली?" पत्रूने विचारलं.

"या आजारात असं होतं," मॅडम म्हणाल्या. "कधी कधी एखादा हंगाम आपोआपच चांगला जातो. म्हणून तर दोन प्रकारचे डबे ठेवावे लागतात."

"पन मॅडम, डब्बा कोनताबी असो." पत्रू अगदी भोळेपणाने बोलत होता. "थे काई एकट्या डब्ब्यातलं खात नोहोती. थे तं आमच्याच सुपातलं खात होती."

"सुपातलं म्हणजे?"

दिनेशने पत्रूकडे हात केला, थांब म्हणून. पण भूमियाला गावाची चांगली गोष्ट सांगायला कुणी कधी थांबवलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. सूप, कालवणं, पानांवरचे ढीग, आणि सुकलूने पोरीचा डबा कसा गावाच्या स्वाधीन केला तेही. दिनेशचा चेहरा उतरत गेला. मॅडमचा मात्र हळूहळू उजळला. अवघड गणिताचं उत्तर मिळावं तसा.

"म्हणून!" त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्या गावातल्या सगळ्यांच्या रक्तात औषध सापडलं! प्रयोगशाळावाले म्हणत होते, नळ्यांची अदलाबदल झाली. सगळ्यांच्याच रक्तात. फक्त..." त्या थांबल्या. पण शास्त्राची शिस्त मोठी असते, वाक्य अर्धं ठेवता येत नाही. "फक्त रंजीताच्या रक्तात मागमूस नव्हता. असं कसं झालं?"

हे मात्र दिनेशला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

 पत्रू सुकलूच्या शेजारी बसला होता. तो उठला नाही, ओरडला नाही, फक्त आपलं धोतर मांडीखाली ओढून घेतलं, जवळ काही सांडलं असावं तसं. ढीग, फुटक्या गोळ्या, सुपाचा काठ, ज्याने त्याने आपापल्या मनात सगळं पुन्हा मांडून पाहिलं. कोसमटोल्याला वाटे कळत होते.

"दादा," सोमारी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी पुडी आनून देल्ली होती ना जी."



मॅडमना या माणसांच्या आपसातल्या गोष्टींत पडायचं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. त्यांना आता खरी वाईट बातमी सांगायची होती आणि ती सांगताना पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या गावाचे आकडे आता वापरता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही. इतक्या महिन्यांचं काम." हे केंद्र आजपासून बंद. डबे येणार नाहीत. जीपही येणार नाही. ज्यांच्याकडे गोळ्या उरल्या असतील त्यांनी त्या आत्ताच दिनेशकडे परत द्याव्यात, नियम आहे.

"आमची पोरं बरी झाली ना पन?" पत्रूच्या सुनेने विचारलं.

"ते सिद्ध करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

सभा मोडली. एरवी गोटुलातून माणसं रेंगाळत, तंबाखू मळत निघत. त्या दिवशी जो तो झपाझपा आपल्या घराकडे गेला आणि दारांच्या ताट्या आतून लागल्या. दिनेश दारोदार फिरला. सगळ्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. पत्रूच्याही संपल्या होत्या. "कालच सरल्या," पत्रू ताटीच्या आतूनच म्हणाला.

शेवटी दिनेश सुकलूच्या दारात येऊन उभा राहिला. "सुकलूभाऊ, रंजीताचा डब्बा द्या लागन. जल्दी करा, अंधार पडला तं रस्त्यात वाघ बसते."

सुकलू आत गेला. सोनीबाई भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हनली मॅडम?"

"औषधानं नाई मेली म्हने."

"थे तं मले बी माईत हाये. औषधानं का मानूस मरते?" तिने पदराखालून डबा काढला. तो तिच्यापाशीच होता. "मांगून राह्यले का?"

"हो."

"देऊ नोका." तिने डबा छातीशी धरला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे सरळ पाहत होती. "मी इचार केला जी. आपन चोरी केली. गावाच्या पोराइच्या तोंडचं औषध आपन काढून घेतलं, अन् पेनानं आपली पोरगी नेली. अर्ध्याच्या वर गोळ्या हायेत अजून. खऱ्या. ह्या मी श्रावणले नेऊन देतो. थ्याचा तं जीव राहीन. सोमारीले सगळं सांगून देतो, तिच्या पाया पडतो."

"सोने," सुकलू म्हणाला.

"अडवू नोका मले."

बाहेर जीपमध्ये जाऊन बसलेल्या दिनेशने हॉर्न वाजवला. सुकलू दारात उभा होता; सोनीबाईला जायचं तर त्याला बाजूला व्हावं लागणार होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं, दिनेशने गोटुलात सांगितलं तेच. ते त्याने जिभेवर आणलं. मग तो बाजूला झाला.

ती मागच्या दाराने न जाता पुढच्याने गेली, उजळ माथ्याने, डबा दोन्ही हातांत धरून, आणि सोमारीच्या ताटीवर थाप मारून म्हणाली, "उघड वो बाई, मी हाये."